ओढ्याकाठचे रान विकू नका

पुणे,
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हा विषय फोनवर निघाला की बाबा "बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हाती देतात, म्हणून लिहायला बसले आहे. छोटीच्या शिक्षणाच्या पैशांची व्यवस्था झाली आहे. शुक्रवारी बँकेने शैक्षणिक कर्ज मंजूर केले आणि त्या कागदांवर छोटीची, आईची व माझी अशा तीन सह्या आहेत. तेव्हा ओढ्याकाठचे रान विकण्याचे कारण आता उरलेले नाही. इसार घेतला असेल तर तो परत करावा. बाबा, आईवर रागावू नका. तुम्हाला आधी सांगायचे नाही हा हट्ट माझा होता, आणि आईने तो आठ दिवस कसा निभावला हे तिचे तिलाच ठाऊक.

आता हिशेब सांगते, कारण तो कळल्याशिवाय तुम्हाला झोप लागणार नाही. छोटीची जागा केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळाली आहे, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे, आणि सगळे गणित त्यावरच उभे आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना, शुल्कमाफीच्या योजनेत ठरलेल्या प्रवर्गात बसत असतील तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ रोजी निघाला. त्याआधी ही सवलत निम्मीच होती. आपण त्यात बसतो. तुमचे निवृत्तिवेतन आणि शेतीचे उत्पन्न मिळून दाखल्यावर ३,१२,००० रुपये आले आहेत. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरून झाला आहे.

कॉलेजच्या खिडकीवर मात्र आम्हाला सांगण्यात आले की आधी पूर्ण शुल्क भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. छोटीचा चेहरा पडला. मी शासन निर्णयाची छापील प्रत पिशवीतून काढून काचेखालून आत सरकवली. त्या गृहस्थांनी ती दोनदा वाचली, आत जाऊन विचारून आले आणि मग फक्त विकास शुल्क व अनामत रक्कम घेऊन पावती दिली. विकास शुल्काला माफी नाही, ते दर वर्षी आपल्यालाच भरावे लागेल.

राहिला वसतिगृहाचा, खाणावळीचा, पुस्तकांचा आणि संगणकाचा खर्च. तो चार वर्षांचा मिळून सुमारे ३,६०,००० रुपये होतो आणि कर्ज तेवढेच आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, त्यामुळे सातबाऱ्यावर कोणाचाही बोजा चढणार नाही. हप्ते शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतील. पीएम विद्यालक्ष्मी योजनेतील तीन टक्के व्याजसवलतही मी पाहिली, परंतु दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना ती मिळत नाही, म्हणून ती हिशेबात धरलेली नाही. व्याज साचू नये यासाठी ते दरमहा मी भरणार आहे. जावयांना विचारूनच हे ठरवले आहे, आणि लेकीच्या घरचे पैसे घेतले असे तुम्ही मनात आणू नका. छोटी नोकरीला लागली की तिच्याकडून पै न् पै वसूल करीन. प्राप्तिकर कायदा या बाबतीत तुमच्यासारखाच जुन्या वळणाचा आहे. स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर तो सूट देतो, बहिणीच्या नाही.

बाबा, एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते. उत्पन्नाचा दाखला घेऊन तुम्ही सेतू केंद्रातून आलात, तेव्हा तो टेबलावर पालथा ठेवलात आणि वर चष्म्याचे घर ठेवलेत. मी पाहिले. आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, हे तुमचे म्हणणे खरेच आहे. पण साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका'मधून तुम्ही शिकलात, त्याला तुम्ही कधी उपकार म्हटले नाही. कर्मवीरांचे नाव निघाले की तुम्ही अजून ताठ बसता. शुल्कमाफीची ही योजनासुद्धा राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाची आहे. मग तो दाखला पालथा का ठेवायचा?

माझ्या डिप्लोमाच्या वर्षी जे झाले ते मी विसरलेले नाही. आईचे हात मोकळे दिसले तेव्हा मला वाटले होते की पाटल्या दुरुस्तीला दिल्या असतील. त्या वेळी हे अर्ज कोणी समजावून सांगितले असते तर, असे छोटीचा अर्ज भरताना सारखे मनात येत होते. तुम्ही जून महिन्यात माझ्या वह्यांना खाकी कव्हरे घालून त्यांवर बोरूने नाव लिहीत असा आणि शाई वाळेपर्यंत मला हात लावू देत नसा. परवा छोटीच्या फाइलीवर नाव घालताना माझेही अक्षर तसेच आले.

तिची काळजी करू नका. खोलीत तिघी जणी आहेत, खिडकी पूर्वेला आहे, अंघोळीला सकाळी सातपर्यंत गरम पाणी मिळते आणि खाणावळीत भाकरीही असते, फक्त आमटी पातळ आहे. आईने शेंगदाण्याची चटणी दिली तर ती चौघींना पुरेल इतकी द्यावी, तीन त्यांच्या आणि एक माझी.

आता काही गोष्टी मुकाट्याने ऐकायच्या. शिष्यवृत्तीची रक्कम आधार ज्या खात्याशी शेवटचे जोडलेले असेल तिकडे जाते, आणि छोटीचे आधार अजून शाळेतल्या त्या पन्नास रुपये शिल्लक असलेल्या खात्याशीच जोडलेले होते. ते मी बदलून घेतले आहे. आता कोणत्याही शिबिरात कोणी सांगितले म्हणून ते पुन्हा दुसरीकडे जोडू नये. फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तो सांगायचा नाही, मग तो शिष्यवृत्ती विभागातून बोलतो म्हणाला तरी. अर्जाचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते, ते मी करीन. त्यासाठी बाबांनी उन्हात रांगेत उभे राहायचे नाही आणि पाचशे रुपये घेणाऱ्या एजंटाकडेही जायचे नाही. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर लगेच घ्यायची, "नंतर घेतो" चालणार नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही.

बुधवारी गणपती बसतात. आम्ही तिघे मंगळवारी रात्रीच्या एसटीने निघतो, छोटी कराडला चढेल. इसाराचे पैसे त्याआधी परत गेले असतील तर बरे. नसतील तर गुरुवारी मी तुमच्याबरोबर येते. त्या काकांशी काय बोलायचे ते मी बोलेन, तुम्हाला संकोच नको.

तुमची,
ताई

ता. क. दाखल्याची मूळ प्रत डायरीत घडी घालून ठेवू नका. प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईच्या ट्रंकेत ठेवा, येताना मी दोन झेरॉक्स काढून आणते.