सुट्टीतला हॅमस्टर : आधी पिंजरा, मग प्राणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की पाळीव प्राण्यांच्या दुकानांत हॅमस्टरची चौकशी वाढते. फ्लॅट लहान, कुत्र्याला सोसायटीचा विरोध, आई-बाबा दिवसभर कामावर. अशा घरात हा मुठीत मावणारा, उंदरासारखा प्राणी सगळ्यांनाच सोयीचा वाटतो. दुकानात पिंजरा, चाक, भुशाची पिशवी आणि खाण्याचे पाकीट असा संच तयारच असतो आणि तासाभरात सगळे एकदम घरी येते. आमची विनंती आहे की हा क्रम बदला. आधी पिंजरा आणून मांडा, त्याची जागा दुपारी किती तापते ते आठवडाभर पाहा, आणि प्राणी सगळ्यात शेवटी आणा. जमल्यास एप्रिल-मे टाळाच.

आपल्याकडे जास्त विकला जातो तो सीरियन हॅमस्टर. दुकानात त्याला ‘गोल्डन’ आणि लांब केसांच्या जातीला ‘टेडी बेअर’ म्हणतात. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या सीरियन हॅमस्टरचे मूळ सीरियातल्या अलेप्पोजवळ आहे. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी तिथल्या एका शेतातून मादी आणि पिल्ले मिळवली आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात त्यांची पैदास झाली. त्याच भागात पुढे संशोधकांनी रानटी हॅमस्टरची बिळे खणून मोजली, तेव्हा ती सरासरी ६५ सेंटिमीटर खोल निघाली आणि वापरात असलेल्या एकाही बिळात एकाहून जास्त प्रौढ प्राणी सापडला नाही. पाळताना लागणारी दोन मुख्य उत्तरे यातच आहेत : त्याला खोल खणायला हवे आणि त्याला एकटे राहायला हवे.

आता पिंजरा. बाजारात मिळणारा रंगीत, दुमजली, नळ्यांचा पिंजरा साधारण फूटभर लांब असतो. तो कोणत्याच हॅमस्टरला पुरत नाही. जमिनीची सलग जागा किमान १०० बाय ५० सेंटिमीटर हवी, म्हणजे सव्वातीन फूट लांब आणि पावणेदोन फुटांच्या आसपास रुंद. वरचे मजले या मापात धरायचे नाहीत. एवढा तयार पिंजरा सहसा मिळत नाही, मिळाला तर महाग असतो. सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेणे स्वस्त पडते : दर्शनी बाजूला अॅक्रिलिक किंवा काच आणि वर पाव इंची वेल्ड जाळीचे झाकण. अर्धा इंची जाळी घेऊ नका, ड्वार्फ (बुटक्या) जातीचा हॅमस्टर आणि सीरियनचे लहान पिल्लू त्यातून निसटते. नव्या प्लायला डिंकाचा वास असतो, म्हणून पेटी दोन-तीन आठवडे उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्यावा. जुनी फिशटँकही चालते, पण फूटभर रुंदीची अरुंद टाकी नको, आणि काच उन्हाळ्यात लवकर थंड होत नाही हे लक्षात ठेवावे.

पेटीत काय भरायचे, यात सगळ्यात जास्त गफलत होते. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणला जातो. त्यात पाइन, साग, प्लायचा डिंक आणि बारीक धूळ असे सगळे एकत्र असते. न वाळवलेल्या पाइन आणि सीडरमधली तेले श्वसनमार्गाला त्रास देतात आणि धुळीने शिंका, पाणावलेले डोळे सुरू होतात. कागदी बेडिंग किंवा धूळ काढलेले अॅस्पेन या झाडाच्या लाकडाचे तुकडे घ्यावेत आणि त्यात वाळलेले गवत मिसळावे, कारण नुसत्या कागदाचे बोगदे लगेच कोसळतात. थर किमान २० ते २५ सेंटिमीटर खोल हवा, एका कोपऱ्यात त्याहून जास्त. प्रत्येक थर हाताने दाबत भरला की बोगदा टिकतो. बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १०, ४० आणि ८० सेंटिमीटर थरांवर ठेवलेल्या सीरियन हॅमस्टरची तुलना केली होती. सगळ्यात उथळ थरावरचे प्राणी पिंजऱ्याची जाळी जास्त कुरतडत होते. ‘आमचा हॅमस्टर रात्रभर जाळी चावतो’ ही तक्रार ऐकली की पहिला प्रश्न थराच्या खोलीचा विचारावा. घरट्यासाठी बिनवासाच्या टिश्यूचे तुकडे पुरतात. कापसासारखी ‘फ्लफी’ गादी मात्र मुळीच नको : तिचे धागे पायाला आवळून रक्तपुरवठा थांबवतात आणि गिळले तर आतडे अडते.

चाकाचा व्यास हा दुसरा घोटाळा. संचातले चाक १२-१४ सेंटिमीटरचे, तारांचे असते. सीरियनला किमान २८ आणि ड्वार्फला २० सेंटिमीटरचे, सलग पृष्ठभागाचे चाक लागते. धावणाऱ्या हॅमस्टरकडे बाजूने पाहा. पाठ सरळ दिसली तर चाक बरोबर आहे. मान वर आणि पाठ कमानीसारखी वाकलेली असेल, तर रोज रात्री काही किलोमीटर त्याच स्थितीत धावून कणा दुखावतो. तारांमध्ये पाय अडकून मोडतो, आणि एवढ्याशा प्राण्याचे हाड जोडणे अवघड असते. प्लॅस्टिकचा पारदर्शक चेंडू घेऊच नका. त्यात हवा कमी, वाट चुकली तरी थांबता येत नाही आणि फटीत नखे अडकतात.

बाकीचे थोडक्यात. लपायला तळाशी उघडे, अनेक खणांचे लाकडी घर किंवा आडवी ठेवलेली मातीची कुंडी. अंग स्वच्छ करायला वाळूचे भांडे : नदीची बारीक वाळू चाळून, धुऊन, कढईत भाजून थंड करावी. बांधकामाची क्रश सँड टोकदार असते आणि पावडरसारखी ‘डस्ट’ फुप्फुसात जाते, म्हणून दोन्ही नकोत. हॅमस्टरला पाण्याने कधीही अंघोळ घालू नये. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकते, तेव्हा रोज बोटाने दाबून थेंब येतो का ते पाहावे.

पिंजरा ठेवण्याची जागा निवडताना उन्हाळ्याचा विचार पहिला करावा. हॅमस्टरला १८ ते २४ अंश सेल्सिअस मानवते आणि ३० च्या पुढे त्याची खरी अडचण सुरू होते. माणसासारखा घाम येऊन त्याचे अंग थंड होत नाही. विदर्भ-मराठवाड्यात घरातसुद्धा पारा ३५ च्या वर राहतो, आणि मुंबईत आर्द्रता भर घालते. दुपारी पिंजऱ्याजवळ थर्मामीटर ठेवून नोंद घेतल्याशिवाय प्राणी आणू नये, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. उपाय साधे आहेत : पिंजऱ्यात सिरॅमिकची फरशी, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली पिंजऱ्याबाहेर एका बाजूला टेकवून, आणि पश्चिमेच्या खिडकीपासून लांबची खोली. कूलरचा झोत थेट नको, त्या दमटपणाने बेडिंगला बुरशी धरते. हनुवटी ओली, अंग पसरून पडलेला, चालताना तोल जातो, अशी लक्षणे दिसली तर थंड खोलीत न्यावे, कान आणि पंजे साध्या पाण्याने ओले करावेत, बर्फाचे पाणी ओतू नये, आणि डॉक्टर गाठावा. उलट नाशिक-निफाडच्या थंडीत रात्री पारा १० अंशांखाली गेल्यास हॅमस्टर गारठून निपचित पडतो, श्वास जेमतेम जाणवतो. मेला समजून पुरण्याची घाई करू नका. ओंजळीत धरून खोली हळूहळू उबदार करा, तासाभरात तो हलू शकतो. धूप, मच्छर अगरबत्ती आणि फोडणीचा धूर पोचेल तिथे पिंजरा नको. झोपायच्या खोलीतही नको, कारण चाक रात्रीच फिरणार.

एवढे झाले की दुकानात जावे, तेही संध्याकाळी उशिरा. दुपारी सगळेच हॅमस्टर गोळा होऊन झोपलेले असतात, त्यातला निरोगी कोण आणि आजारी कोण कळत नाही. आधी पूर्ण पेटीकडे पाहा. एकाचीही शेपटीकडची बाजू ओली-चिकट असेल तर त्या पेटीतला एकही घेऊ नका. हा ‘वेट टेल’ नावाचा अतिसार असू शकतो. सीरियनच्या लहान पिल्लांना प्रवास, गर्दी आणि दूध लवकर तुटल्यानंतर तो होतो, आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. मग निवडलेला हॅमस्टर दुकानदाराला ओंजळीत घ्यायला सांगून खालून बघा. पोट आणि मागची बाजू कोरडी, डोळे दोन्ही उघडे आणि चमकदार, नाक कोरडे, श्वास घेताना टकटक आवाज नाही, केसांत टक्कल किंवा कोंडा नाही, चालताना डोके एका बाजूला झुकत नाही. पुढचे दात पिवळे-केशरी असतात, ते तसेच असायला हवेत. सीरियनच्या दोन्ही कुशींवर काळसर ठिपका असतो. ती गंधग्रंथी आहे, गोचीड समजून ती ओढू नका.

वय पाच ते आठ आठवडे असावे. नर आणि मादी एकाच पेटीत असतील तर मादी घेताना सावध राहा, कारण सीरियनमध्ये गर्भकाळ फक्त १६ दिवसांचा असतो आणि पाचव्या आठवड्यातही गर्भधारणा होऊ शकते. एक हॅमस्टर आणून पंधरा दिवसांनी आठ-दहा झाल्याचे प्रकार याच कारणाने घडतात. लिंग ओळखायला शेपटीखालच्या दोन छिद्रांमधले अंतर पाहतात : नरात ते स्पष्ट जास्त असते, मादीत जवळजवळ चिकटलेले.

‘जोडी घ्या, एकटा कंटाळेल’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो मानू नका. दोन प्रौढ सीरियन एका पिंजऱ्यात ठेवले तर ते भांडतात आणि एक मरेपर्यंत भांडू शकतात. लहानपणी एकत्र झोपलेली भावंडेही अपवाद नाहीत. ड्वार्फ जातींत कधी जमते, पण तेही कधी मोडेल सांगता येत नाही. पहिल्यांदा पाळणाऱ्याने एकच सीरियन घ्यावा. रोबोरोव्स्की ही ड्वार्फ जात बघायला गोड, पण इतका चपळ की हातात टिकत नाही. आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. पाचवीत आणलेला प्राणी आठवीत नसेल, हे मुलांना आधीच सांगावे.

घरी नेताना हवेच्या भोकांचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात दुकानातले मूठभर जुने बेडिंग आणि पाण्याऐवजी काकडीची चकती. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. पहिले तीन दिवस फक्त अन्न-पाणी. नंतर रोज संध्याकाळी पिंजऱ्याजवळ बसून हळू बोलावे, मग तळहातावर बी ठेवून वाट पाहावी. वरून झडप घालून उचलले की त्याला शिकारी पक्षी आल्यासारखे वाटते आणि तो चावतो. चावलाच तर साबणाने धुवावे आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे; घरात वाढलेल्या हॅमस्टरकडून रेबीजची भीती जवळजवळ नसते. सात-आठ वर्षांखालच्या मुलाने जमिनीवर बसूनच हाताळावे, कारण हॅमस्टर कमरेच्या उंचीवरून पडला तरी त्याचा कणा मोडू शकतो. घरात गरोदर स्त्री असेल तर पिंजऱ्याची सफाई दुसऱ्याने करावी, कारण हॅमस्टरमधून पसरणारा एलसीएमव्ही हा विषाणू गर्भाला अपाय करू शकतो.

अन्न रोज सीरियनला १० ते १२ ग्रॅम, ड्वार्फला ५ ते ७. १६ ते १८ टक्के प्रथिने असलेले तयार खाद्य मुख्य ठेवावे. बाजरी, राळे, जवस, भोपळ्याच्या बिया वरून थोड्या. सूर्यफुलाच्या बिया दिवसाला दोन-तीन, नाहीतर चरबी वाढते. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळे, कच्चा राजमा, चॉकलेट वर्ज्य. वाटी रिकामी दिसली म्हणजे भुकेला आहे असे नाही. गालाच्या पिशव्या भरून त्याने सगळे बिळात साठवलेले असते. भाजीचा उरलेला तुकडा सकाळी काढावा आणि पावसाळ्यात टेबलाचे पाय पाण्याच्या बशांत ठेवावेत, मुंग्या त्या साठ्यावरच येतात. पिंजरा दर आठवड्याला पूर्ण धुऊ नये. लघवीचा कोपरा दर दोन-तीन दिवसांनी आणि महिन्यातून एकदा एक तृतीयांश बेडिंग बदलावे. सगळा वास एकदम गेला की तो बिथरतो.

आजारपणात एक गोष्ट जिवावर बेतते. माणसांची उरलेली अॅमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन किंवा पेनिसिलिन हॅमस्टरला तोंडाने देऊ नका. त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. हॅमस्टर तपासणारा पशुवैद्य प्राणी आणण्याआधीच शोधा. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे फोन करून हॅमस्टरसारखे लहान कृंतक (कुरतडणारे प्राणी) तपासतात का ते विचारता येते.

दुकानदारांकडे दोन मागण्या आहेत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पेट शॉप नियमांत हॅमस्टरचाही समावेश आहे आणि दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक दर्शनी लावावा, हे पहिले. दुसरे, चौथ्या आठवड्यापासून नर-मादी वेगळ्या पेट्यांत ठेवावेत आणि पावतीवर जात, लिंग आणि अंदाजे जन्मतारीख लिहून द्यावी. ग्राहकांनीही अशी पावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपले,
हॅमस्टर पाळणारे काही वाचक,
पुणे