खुंट विचारून कलम घे

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हिमाचलच्या सफरचंदाचा व्हिडिओ पाहिला, तुझ्या बाबांनापण दाखवला. डोक्याइतक्या उंचीची झाडं, तारेला बांधलेली, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच लगडलेली, आणि खाली तू लिहिलंस की आई आपण संत्र्याचं असं का नाही करत, एवढं लांब लांब लावून जागा कशाला अडवायची. प्रश्न चांगला आहे आणि तू परत येऊन बगीचा लावायचं म्हणतोयस याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवते. कलमांचं बुकिंग करायच्या आधी हे सगळं वाच, घाईत पैसे देऊन मोकळा होऊ नको.

त्या सफरचंदाची जात काहीही असो, ते बुटकं राहतं ते खालच्या खुंटामुळं. खुंट म्हणजे खालचं मुळाचं झाड, त्याच्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे कळी असलेला सालीचा तुकडा, भरून कलम करतात; दोघं जिथं जुळतात तो जोड. एम-९ म्हणतात त्याला. इंग्लंडात ईस्ट मॉलिंग म्हणून गाव आहे, तिथल्या संशोधन केंद्रानं शंभर वर्षांपूर्वी युरोपभरातले सफरचंदाचे खुंट गोळा केले, कारण तेव्हा एकाच नावाखाली वेगवेगळ्या तऱ्हेचे खुंट विकले जात होते आणि कोणालाच कळत नव्हतं की आपलं झाड मोठं का झालं नि शेजाऱ्याचं बुटकं का राहिलं. त्यांनी ते वेगळे केले, नंबर दिले, त्यातला हा नववा. याचं मूळ वरच्या झाडाला फार धावू देत नाही. पाणी-खत वर जायचा वेग कमी, मुळातून वर जाणारी आणि शेंड्यातून खाली येणारी संप्रेरकं जोडाशी अडखळतात, मग झाड लाकूड कमी करतं आणि फळावर लवकर येतं. पण त्याची मुळं इतकी अशक्त असतात की झाडाला जन्मभर आधार लागतो, पाणीपण वेळच्या वेळी लागतं. ती तार शोभेची नाहीये, तार काढली तर फळाच्या वजनानं झाड आडवं होईल.

आता आपल्याकडं असा बुटका खुंट आहे का, तर लिंबूवर्गातपण आहे. ट्रायफोलिएट, म्हणजे तीन पानांचा, आणि त्याचीच एक वाकड्या काट्यांची बुटकी जात फ्लाइंग ड्रॅगन. झाड लहान राहतं, फळाची गोडी चांगली येते, मुळकुजीलापण तो चांगला टिकतो, ऐकून कोणालाही वाटेल की झालं काम. पण त्याला चुनखडीची जमीन चालत नाही. आपल्या वरुडाकडच्या काळ्या जमिनीत चुना किती आहे ते विहीर खणताना तू पाहिलंयस, पांढरे खडे निघत होते नुसते. अशा जमिनीत त्या खुंटाला लोह उचलता येत नाही, नवी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मग तू वरून कितीही फवारे मार. म्हणून तो व्हिडिओ कितीही छान असला तरी आपल्या वावरात तो जसाच्या तसा उतरणार नाही. राग मानू नको.

आपल्याकडं खरे खुंट दोनच, जंबेरी आणि रंगपूर लाईम. सगळा विचार या दोघांत करायचाय.

जंबेरी तुला माहीत आहे, तो खडबडीत सालीचा मोठा पिवळा लिंबू. अख्ख्या विदर्भात वर्षानुवर्षं संत्रा याच्यावर बांधला गेला. त्याला कारण आहे, झाड झपाट्यानं वाढतं, लवकर फळावर येतं, माल भरपूर देतं, मुळं खोल जातात, पाण्याचा ताण चांगला सोसतात. कलमवाल्यालाही सोयीचा, रोप लवकर पेन्सिलीएवढं जाड होतं आणि डोळा बसतो. पण एवढ्या जोरानं वाढलेल्या झाडाचं फळ तुलनेनं पातळ चवीचं येतं, रस कमी गोड, साल सुटलेली, पोला संत्रा म्हणतात ना व्यापारी तसा, आणि झाडावर जास्त दिवस ठेवलं तर आतून कोरडं व्हायला लागतं. दुसरं म्हणजे भारी जमीन आणि साचलेलं पाणी त्याला अजिबात मानवत नाही. फायटोफ्थोरा बुरशी लागते, आधी बारीक तंतूमुळं कुजतात, मग बुंध्यातून डिंक यायला लागतो. वरून आपल्याला दिसतं काय तर पानं मलूल, सल म्हणजे वाळक्या काड्या वाढल्या, बहार भरपूर पण फळं बारकी, आणि लोकं म्हणतात खत कमी पडलं. खत टाकून काय होणार, घ्यायला मूळच शिल्लक नाही.

रंगपूर लाईमचं फळ संत्र्यासारखंच नारिंगी दिसतं, पण खाऊन पाहिलंस तर दात आंबतील. झाड जंबेरीपेक्षा थोडं कमी जोराचं होतं, पण दुष्काळाला चिवट, क्षाराला जास्त सोसणारं, चुनखडीच्या भारी जमिनीत तग धरणारं, आणि फळाची प्रत जंबेरीपेक्षा जरा उजवी. मुळकुज आणि डिंक्यालाही आपल्याकडं तो जंबेरीपेक्षा बरा टिकतो. बरा म्हणतेय मी, त्याला काही होतच नाही असं नाही, पाणी तुंबलं तर तोही मरतो.

पण रंगपूरची एक गोष्ट कलमवाला सांगत नाही. लिंबूवर्गात एक्सोकॉर्टिस म्हणून रोग आहे, तो डोळाकाडीतून, म्हणजे ज्या फांदीवरून डोळे काढतात तिच्यातून येतो. ज्या मातृवृक्षावरून डोळे काढले त्यात तो असला तरी जंबेरीवर तो दिसतच नाही, झाड आपलं वाढत राहतं. तोच डोळा रंगपूरवर भरला की काही वर्षांनी खुंटाची साल तडकते, सोलपटं निघतात आणि झाड खुजं राहतं. म्हणून ज्याची डोळाकाडी कुठून आली हे माहीत नाही असा रंगपूर घेण्यात अर्थ नाही. तिथं मातृवृक्ष तपासलेलाच पाहिजे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांचं काम होतं, अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आधी तिथं विचार, मिळायला वेळ लागत असेल तर एक वर्ष थांबू आपण. तीस वर्षांच्या झाडासाठी एक वर्ष काही जास्त नाही.

आता आपली वावरं. टेकाडाकडचं मुरमाड, निचरा चांगला, तिथं जंबेरी लाव, मस्त येईल. नाल्याकडचं मात्र काळी कन्हार, म्हणजे भारी चिकण जमीन, पावसाळ्यात दोन दोन दिवस पाय रुततो, तिथं रंगपूरच, आणि तोही सपाटीवर नाही, आधी उंच गादीवाफे करायचे, चर काढायचे, मगच लागवड. दोन्ही वावरांचा माती रिपोर्ट आधी आण, मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर निघाला तर त्या तुकड्यात संत्रा लावायचाच नाही, तूर-कपाशी चांगली आहे तिथं. दीड-दोन हात खालची मातीपण दे तपासायला, नुसती वरची नको, मूळ वरच थांबत नाही.

तू म्हणशील दोन खुंट म्हणजे दोन तऱ्हेचं व्यवस्थापन, पाणी वेगळं, बहारासाठी पाणी तोडून द्यायचा ताण वेगळा, एकच का नाही. तर ब्राझीलचं ऐक. तिथं आधी सगळा संत्रा आंबट नारिंगाच्या खुंटावर होता, १९३७ च्या सुमारास ट्रिस्टेझा नावाचा विषाणू आला आणि त्या खुंटावरची लाखो झाडं वाळली. मग लोकांनी रंगपूर धरला कारण त्याला ट्रिस्टेझा झेपतो, आणि साओ पावलोकडं जवळजवळ सगळं रंगपूरवरच गेलं, पाऊस कमी असला तरी भरघोस पिकायचं. आणि या शतकाच्या सुरुवातीला नवाच रोग निघाला, रंगपूरवरची फळांनी भरलेली झाडं बघता बघता वाळायला लागली, नावच पडलं सडन डेथ. लोकांनी मग जिवंत झाडाच्या बाजूला दुसऱ्या खुंटाची रोपं लावून ती बुंध्याला जोडली आणि झाडाला नवी मुळं दिली तेव्हा कुठं बगीचे वाचले. हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय की अख्खी शेती एका खुंटावर ठेवायची नाही, तो कितीही चांगला असो.

खुंट बदलला की काय काय बदलतं ते तुझ्या नाशिकच्या मित्रालापण विचार. त्यांच्याकडं आधी थॉमसन द्राक्षाची वेल स्वतःच्या मुळावर असायची, पाणी कमी पडायला लागलं, पाण्यात क्षार वाढले तेव्हा द्राक्षवाल्यांनी डॉगरिज खुंट धरला आणि बागा तगल्या. पण डॉगरिजचा जोर इतका की वेल नुसती पाल्यावर जाते, घड कमी धरतात, मग छाटणी, शेंडा खुडणं, पाणी सगळं सांभाळून तो जोर आवरावा लागतो, म्हणून काही जण ११०-आर या दुसऱ्या खुंटाकडे वळले. म्हणजे जोर आणि फळ यांचा हिशेब तिकडं पण तोच.

अंतराचं म्हणशील तर ते पण खुंटावरच ठरतं. सहा बाय सहा मीटरला एकरी साधारण ११२ झाडं बसतात, सहा बाय तीनला त्याच्या दुप्पट. सुरुवातीची पाच-सात वर्षं दाट लागवडीत माल जास्त निघतो हे खरं. पण जंबेरीवरचं झाड भारी जमिनीत तीन मीटरवर दहाव्या वर्षी एकमेकांत घुसणार, आत ऊन नाही, खालच्या फांद्या वाळणार, फळ फक्त शेंड्यावर. दाट लावायचंच असेल तर हलक्या वावरात, दरवर्षी छाटणी करायची तयारी ठेवून. मला विचारशील तर टेकाडावर थोडी दाट करून बघ, नाल्याकडं सहा बाय सहाच ठेव.

कलम घेताना काय बघायचं ते आता. जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपं निघतात, त्यातली बहुतेक आईच्याच वळणाची असतात, एखादं परागातून झालेलं निराळं. चांगला कलमवाला वाफ्यातली फार उंच आणि फार खुरटलेली रोपं उपटून टाकतो, मधली सारखी तेवढी ठेवतो. जो टाकत नाही त्याच्या कलमा घेतल्या की बगीचात एक झाड छपराएवढं आणि शेजारचं कमरेएवढं, जात तीच, खत तेच. आपल्या आंब्याजवळच्या ओळी आठव. त्या कलमा एका रोपवाटिकेतून जंबेरी म्हणून घेतलेल्या, आणि खाली काय काय होतं देव जाणे.

खुंट खरा कोणता हे ओळखायचं असेल तर डोळ्याच्या खालून फुटलेला फुटवा शोध, एक पान तोडून चुरगळ आणि वास घे. जंबेरीचं पान चुरगळलं की स्वच्छ लिंबाचा वास येतो, संत्र्याच्या पानाचा तसा येत नाही. तीन पत्त्यांचं पान दिसलं तर तो ट्रायफोलिएट. असा फुटवा बगीचात दिसला की बुडातून काढायचा, राहिला तर वरचं संत्र्याचं झाड मागं पडतं आणि जंबेरी मोठा होतो, मग लोकं म्हणतात जात पलटली.

डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर भरलेला पाहिजे, २२-२५ सेंटीमीटर. हे मी का एवढं लावून धरते तर संत्र्याच्या बुंध्याला बुरशी लवकर धरते, खुंटाला त्या मानानं उशिरा, म्हणून जोड मातीपासून आणि ओल्यापासून जितका वर तितकं बरं. लावताना मजूर माती ओढून जोड झाकून टाकतात, त्यांच्या मागं उभा राहा. जोड झाकला की संत्र्यालाच मुळं फुटतात आणि चांगला खुंट विकत घेतल्याचा काही उपयोग राहत नाही. पिशवी सोडून मूळ बघ, सोटमूळ वळलेलं-गुंडाळलेलं असेल तर ती कलम घेऊ नको, फुकट दिली तरी नको. आणि उंचीला भुलायचं नाही, कमरेएवढी लुसलुशीत कलम पाहून सगळे तीच उचलतात, मी गुडघ्याच्या वर, जाड बुंध्याची, जोड नीट भरून आलेली घेते.

पुढं पाणी डबल रिंगनं, म्हणजे बुंध्याभोवती दोन आळी करून बाहेरच्यात, आतल्या आळ्यात पाणी नाही म्हणजे बुंधा कोरडा राहतो, नाहीतर ठिबक. पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, बुंध्याला दोन-अडीच फुटापर्यंत. हे खुंट कितीही चांगला असला तरी चुकवायचं नाही.

शेंदूरजनाघाटला जाशील तेव्हा मला घेऊन जा. तिथं बरेच कलमवाले प्रामाणिक आहेत, मन लावून काम करणारी माणसं आहेत, पण खुंट कोणता, बी कुठलं, डोळाकाडी कोणत्या झाडाची हे तीन प्रश्न विचारायचे आणि पावतीवर खुंटाचं नाव लिहून घ्यायचं. लिहून देत नसेल तर पुढच्या दारात जायचं. बाबा म्हणतात जूनमध्येच लावू, मी म्हणते पाऊस दोन-तीन चांगले होऊ देत, माती थंड होऊ दे. तू माती रिपोर्टचे फोटो टाक आधी, मग नाल्याकडच्या चरांचं जेसीबीवाल्याशी बाबा बोलतील.

तुझी
आई