बाबांचा गुडघा आणि २६ मार्च

ओहायो,
२ मार्च २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा आईने "जेवलीस का?" म्हणून विचारलं आणि माझा धीर गेला. म्हणून लिहिते आहे. दादा शनिवारी येताना प्रिंट काढून आणेल. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि मधला भाग गाळू नकोस.

बाबांच्या ऑपरेशनला, २५ मार्चला, मी तिथे नसेन. तिकीट बदललं आहे. आता २९ एप्रिलच्या रात्री मुंबईत उतरेन आणि ३० ला सकाळी घरी. त्या दिवशी अक्षय्य तृतीया आहे. त्यानंतर पाच आठवडे कुठेही हलणार नाही.

बाबा, तुम्ही लगेच म्हणाल, "तिचं काम असेल, येईल नंतर." आणि आई काही न बोलता स्वयंपाकघरात जाईल. मला दोन्हीची भीती वाटते, म्हणून सगळं नीट सांगते.

२६ मार्चला आमच्या कॉलेजात 'प्रो डे' आहे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या संघांची माणसं आमच्या पोरांची चाचणी बघायला येतात. बाबा, तुम्हाला हे समजावणं सोपं आहे, कारण तुम्ही हेच काम शाळेच्या मैदानावर तीस वर्षं केलंत. पहाटे पाचला भरतीची पोरं यायची. तुम्ही टेपने छाती मोजायचात, ७९, आणि फुगवून ८४ भरते का बघायचात. मग सोळाशे मीटर. रेषेवर घड्याळ घेऊन मी उभी, आणि आई डब्यात भिजवलेले हरभरे आणि गूळ घेऊन. इथेही तेच चालतं. फक्त मैदानाला छत आहे, आणि वर्दीच्या जागी कोट्यवधींचे करार आहेत.

इथे कॉलेजातून व्यावसायिक संघात जायचं तर दरवर्षी एप्रिलच्या शेवटी 'ड्राफ्ट' होतो. ३२ संघ, ७ फेऱ्या, अडीचशेच्या थोड्या वर जागा. गेल्या वर्षी ज्याची कामगिरी सगळ्यांत वाईट, त्याला आधी निवडायचा मान, म्हणजे दुबळ्याला बळ मिळावं. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय पोराला तिथे नाव देता येत नाही. आणि कॉलेजात खेळणाऱ्या, ड्राफ्टसाठी पात्र असलेल्या शंभर पोरांमधली दोनसुद्धा निवडली जात नाहीत. हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तुमच्या रांगेतली पोरं आठवली होती.

तयारी वर्षभर चालते, पण खरी धावपळ जानेवारीपासून. हंगाम संपला की ज्यांचं चौथं वर्ष अजून बाकी आहे, त्यांनी थांबायचं की जायचं हे ठरवावं लागतं. लीगची एक समिती त्यांचे सामने बघून सांगते की हा पहिल्या फेरीचा वाटतो, दुसऱ्या फेरीचा, की अजून कॉलेजातच बरा. आमचे प्रशिक्षक तो कागद पोराच्या घरच्यांसमोर ठेवतात. माझ्या मते या सगळ्या कारभारातलं सर्वांत प्रामाणिक काम तेच. "तू अजून तयार नाहीस" असं पोराच्या आईसमोर म्हणायला छाती लागते.

मग चाळीस यार्डांची धाव, म्हणजे साडेछत्तीस मीटर. चार-साडेचार सेकंदांत संपते, पण आठ आठवडे तिचाच सराव. आमचा ताकदीचा प्रशिक्षक पहिल्या दहा यार्डांवरच महिना घालवतो. हात कुठे टेकवायचा, कुठला पाय पुढे, डोकं कधी उचलायचं. १०२ किलोचं वजन छातीवरून जितक्या वेळा उचलता येईल तितकं उचलायचं. उभ्याने उंच उडी, उभ्याने लांब उडी. हाताचा पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजतात. आहार बघणारी बाई प्रत्येकाचा डबा वेगळा लावते, कारण कुणाला सहा किलो वाढवायचं असतं, कुणाला चार उतरवायचं. आई, तिथे मला तुझे हरभरे आठवतात. संध्याकाळी मुलाखतींचा सराव. संघाचे लोक बंद खोलीत बसवतात, फळ्यावर डाव काढायला लावतात आणि विचारतात, तू ही चूक का केलीस. उत्तर देताना पोरगं दुसऱ्यावर ढकलतं की स्वतःवर घेतं, एवढंच त्यांना बघायचं असतं. संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, सप्टेंबरपासून आमच्या आवारात येतात, आणि प्रशिक्षकांपासून कपडे धुणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना विचारतात की पोरगा कसा आहे.

माझं काम गुडघे, घोटे, खांदे. सगळ्या देशातली तीनशेहून जास्त निवडक पोरं फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला बोलावतात, त्याला 'कम्बाइन' म्हणतात. टीव्हीवर धावणं दाखवतात, पण संघांना सर्वांत जास्त गरज असते ती डॉक्टरी तपासणीची. एकाच पोराचा एकच गुडघा किती डॉक्टर ओढून बघतात! या खेळात सगळा भाव गुडघ्यावर. २०१६ च्या १ जानेवारीला नोत्र दाम विद्यापीठाचा जेलन स्मिथ ओहायो स्टेटविरुद्ध खेळताना पडला. पहिल्या पाचांत जाणार म्हणत होते त्याला. अस्थिबंध तुटले, नसही दुखावली, आणि एप्रिलमध्ये त्याला ३४ व्या क्रमांकावर डॅलसच्या संघाने घेतलं. पहिलं वर्ष तो बसूनच होता. पण नंतर खेळला, आणि चांगला खेळला. आमच्याकडच्या पोरांना मी हे नेहमी सांगते.

आता ज्याच्यासाठी मी थांबते आहे, त्याच्याबद्दल. नाव लिहीत नाही, आमच्याकडे तो नियम आहे. गेल्या एप्रिलमध्ये सरावात त्याचा गुडघा गेला. पुढचा क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध, तुटला. मे महिन्यात ऑपरेशन झालं. त्याचं हे शेवटचं वर्ष, आणि सगळा हंगाम कुबड्यांवर आणि माझ्या टेबलावर गेला. कम्बाइनचं बोलावणं आलं नाही. ज्यांना एजंट मिळाले ती पोरं एजंटच्या खर्चाने फ्लोरिडा, ॲरिझोनाला सरावाला गेली. याला कुणी मिळाला नाही, म्हणून हा इथेच राहिला. त्याची आई रात्रपाळीला असते. ती दर रविवारी फोन करते आणि एकच विचारते, "तो वाकतोय का नीट?"

दहा महिने त्याच्या मांडीचा घेर मी मोजते आहे. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निम्मीही नव्हती, ती आता जवळजवळ बरोबरीला आली आहे. २६ मार्चला तो दोनदा धावेल, आणि भिंतीपाशी हातात घड्याळं घेऊन संघांची माणसं उभी असतील. धावण्याआधी अर्धा तास त्याचा गुडघा कुणीतरी तयार करायचा आहे. तो हात नवखा असू नये एवढंच. बाबा, भरतीच्या दिवशी तुम्ही पहाटेच्या एस.टी.ने पोरांबरोबर कोल्हापूरला जायचात. माझ्या दहावीच्या निकालादिवशीही गेला होतात. मी रुसले होते. आता त्याचं वाईट वाटतं.

मी त्याला निवडून देऊ शकत नाही. न निवडला गेला तरी कुठलाही संघ त्याला करारावर घेऊ शकतो. २०२२ ला ब्रॉक पर्डीचं नाव सगळ्यांत शेवटी आलं होतं, २६२ पैकी २६२ वं, आणि दोन वर्षांच्या आत तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला. तेही नाही झालं तर त्याची पदवी मे महिन्यात पूर्ण होते. पण तो न लंगडता धावला पाहिजे. ते माझ्याकडे आहे.

आणि अजून एक. हे मी मुद्दाम मध्ये लिहिते आहे, शेवटी नाही. इथली नोकरी मी पक्की केली. दोन वर्षांच्या करारावर गेल्या आठवड्यात सही केली. पुढच्या खोलीला तुम्ही माझ्या दवाखान्यासाठी महापुरानंतर नव्याने गिलावा करून घेतला, पांढरा रंग दिला, हे मला माहीत आहे. त्या खोलीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. मी येणार नाही असं म्हणत नाही, आत्ता नाही एवढंच. तोवर खोली शिकवणीच्या मुलांना द्या. बंद ठेवू नका, ओल धरते.

मी इथे नीट आहे. खरंच. जेवण वेळेवर होतं. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, भाकरी आता फुगते. थंडी संपत आली आहे. बूट चांगले घेतले, पाय कोरडे असतात. आई, तू दिलेली गोधडी अजून रोज घेते. तिच्या कोपऱ्यातला तुझ्या हिरव्या साडीचा तुकडा विरलाय, येताना घेऊन येते, तेवढा बदलून दे. तापात तू माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवायचीस आणि मी डोळे मिटून तुझ्या बांगड्या मोजायचे. परवा सर्दीने पडून होते तेव्हा उगाच सहापर्यंत आकडे म्हणत राहिले.

आता नीट ऐका दोघांनी. यात सूट नाही.

ऑपरेशनपर्यंत बाबांची साखर ताब्यात राहिली पाहिजे. साखर वाढली की जखमेला धोका. लग्नाचं आमंत्रण असलं तरी जिलेबी नाही. घरातली सगळी पायपुसणी आजच उचला. न्हाणीघरात पकडायला दांडी बसवून घ्या, दादाला मी माप पाठवलं आहे. खाली पाटावर बसणं बंद, देवपूजासुद्धा खुर्चीवर. देव समजून घेतील.

ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. कितीही बरं वाटलं तरी नाही. उशी टाचेखाली. गुडघा सरळ व्हायला हवा, वाकणं नंतर बघू. पावलं वरखाली करायची, दर तासाला, मोजून वीस. बर्फ पंचात गुंडाळून पंधरा मिनिटं, गरम शेक नाही, कुणी कितीही सांगितलं तरी तेलमालीश नाही. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. रक्त पातळ ठेवायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. पोटरी सुजली, दुखली किंवा धाप लागली तर माझ्या फोनची वाट न बघता डॉक्टरांकडे. माझ्या वर्गातली मैत्रीण मिरजेहून रोज संध्याकाळी येईल. ती कडक आहे. बाबा, तिच्यापुढे "दुखत नाही" म्हणून खोटं बोलू नका. माझी पोरंही तेच बोलतात, आणि मला लगेच कळतं.

आई, रात्री बाबांना उठवायला एकटी जायचं नाही. दादा दहा दिवस आहे, त्यानंतर रात्रीला मावशी ठरवल्या आहेत, पैशांचं बोलू नकोस. तुझी बीपीची गोळी त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात ठेव, म्हणजे विसरणार नाहीस. आणि मागच्या खेपेला उशीवर छाती दाबायला शिकवलं होतं, ते एकदा दादाबरोबर पुन्हा कर. उगाच काळजी म्हणून नाही. २०२३ च्या जानेवारीत सामना चालू असताना डामार हॅम्लिनचं हृदय मैदानावर थांबलं, तेव्हा त्याच्या संघाच्या ट्रेनरने, माझंच काम करणाऱ्या माणसाने, तिथेच छाती दाबायला सुरुवात केली होती. तो पोरगा वाचला, पुन्हा खेळला. त्या रात्री मी तुम्हाला अवेळी फोन केला होता आणि कारण सांगितलं नव्हतं. ते हे होतं.

२५ ला सकाळी नऊला बाबांना आत नेतील तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेअकरा असतील. मी जागी असेन, फोन हातात असेल. नंतर रोज तुमच्या सकाळी सहाला फोन करेन, आमचे रात्रीचे साडेआठ. दुसऱ्यांच्या लेकराचा गुडघा हातात आणि बाबांचा दुसऱ्याच्या हातात, हे मला रोज टोचतं. ते टोचू दे, त्यावर तुम्ही माझी समजूत घालू नका. सहाव्या आठवड्यापासून तुमचा गुडघा माझ्याकडे. तेव्हा रडायचं नाही.

बाबा, ते स्टीलचं घड्याळ कपाटात वरच्या खणात, दाखल्यांच्या पिशवीमागे आहे. किल्ली देऊन आईकडे द्या. वॉकर घेऊन पलंगापासून दारापर्यंत पहिल्यांदा चालाल तेव्हा आईने ते धरायचं. घाई करायची नाही. आई, जो काय वेळ येईल तो फोनवर सांग, मी इथल्या वहीत लिहून ठेवणार आहे, त्या पोराच्या पानाशेजारी.

तुमची,
छकुली

ता. क. पहिल्या पेटीतले आंबे माझ्यासाठी राखून ठेवू नका, दादाच्या मुलांना द्या. कैरीचा तक्कू मात्र ३० ला हवा.