निधी पडून आहे, पण कुठला ते पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

निधी पडून, नगरपालिका झोपलेली अशा टाइपच्या बातम्या अधूनमधून येतात, वाचायला मजा येते पण अर्धीच गोष्ट कळते. तो पैसा नेमका कुठला आणि कशावर खर्च करायची परवानगी आहे हे कोणी लिहीतच नाही. केंद्राचा पैसा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा वाटायचा हे सुचवणारा वित्त आयोग असतो. २०२१ ते २०२६ च्या १५व्या वित्त आयोगाचंच बघा ना, दहा लाखांच्या आतल्या शहरांना केंद्राकडून जो पैसा यायचा त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे त्यातला अर्धा पाण्यावर आणि अर्धा स्वच्छता-कचऱ्यावरच घालायचा, उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करायला बंदी होती. म्हणजे कचऱ्याची गाडी घ्यायला पैसे होते, कायमच्या ड्रायव्हरच्या पगाराला नव्हते, मग सगळं ठेक्यावर जातं आणि ठेकेदाराने कामगारांचे पैसे थकवले की मोर्चा येतो तो नगरपालिकेवर.

त्यात अजून एक अट, निवडून आलेली बॉडी नसेल तर हप्ता नाही. आपल्याकडे ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकचेरीत निवडणुका अशा लांबल्या की वर्षानुवर्षं प्रशासक बसले. मतदान लोकांनी लांबवलं नव्हतं, तरी निधी अडकला लोकांचाच.

आणि मुळात स्वतःची कमाई राहिलीय कुठे? महापालिकांची जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतले व्यापारी त्यातून सुटले, मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलंसुरलं सगळं त्यात गेलं. जकातीची कोणाला हौस नाही, नाक्यावरच्या रांगा आणि चिरीमिरी गेली हे चांगलंच झालं. पण आता महापालिकेने राज्याकडून नुकसानभरपाई घ्यायची, दरवर्षी ८ टक्के वाढीव, मग शहर दुप्पट वाढलं तरी हिशोब तोच. बाजारपेठ वाढली तर आपलं उत्पन्न वाढेल असं काही राहिलंच नाही. कमावता मुलगा घरी बसवून त्याला महिन्याला खर्चाला देण्यासारखं आहे हे.

मग राहते घरपट्टी. १५व्या वित्त आयोगाची अट होती, किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या (जीएसडीपी) वेगाने वाढवा तरच अनुदान. मुख्याधिकारी फेरआकारणीच्या नोटिसा काढतात, लोक चिडतात, नगरसेवक विरोध करतात, मग मंत्रालयातून स्थगिती येते. अट एकाची, स्थगिती दुसऱ्याची, शिव्या तिसऱ्याला. ७४व्या घटनादुरुस्तीने १२व्या परिशिष्टात १८ कामं शहरांच्या नावावर लिहिली ती १९९३ पासून लागू आहे, पण कामं लिहिली तसा पैसा कोणी लिहिला नाही.

मी काही नगरपालिकेची वकिली करत नाहीये, तिथली टक्केवारी सगळ्यांना माहिती आहे आणि कामं रखडण्यात तिचाही हात आहेच. पण आता २०२६ ते २०३१ साठी १६व्या वित्त आयोगाचे नियम आहेत, तेव्हा विनंती एवढीच की आपल्या पेपरने दर सहा महिन्यांनी एक छोटी चौकट छापावी, हप्ता कधी आला, बंधित किती अबंधित किती, किती खर्च झाला आणि अडला असेल तर कुठल्या अटीमुळे, दिल्लीच्या की मुंबईच्या.

आपला,
एक नियमित वाचक