दोन निकाल, दोन अर्ज

कोलंबस, ओहायो

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कैद्यांची पत्रं वाचायला एवढं शिकलीस का?" आईने मध्येच भाजीचा विषय काढला आणि उत्तर राहून गेलं.

या आठवड्यात एकाने अर्जाचा मसुदा पाठवला. पेन्सिलीने लिहिलेला, जागा संपली तिथे समासात मुंगीएवढ्या अक्षरात. दोन काउंट्यांत दोन गुन्हे शाबीत, शिक्षा एकापाठोपाठ भोगायच्या. फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे कैद बेकायदा ठरवून सुटका, मागताना दोन्ही एकाच फॉर्मात कोंबलेत. चालत नाही. दोन कोर्टांचे निकाल, तर अर्जही दोन. फी पाच-पाच डॉलर, तिचं काही नाही. घोडं अडतं मुदतीवर. 1996 च्या कायद्याने एकच वर्ष दिलंय, साधारणपणे अपिलं संपून निकाल कायम झाल्यापासून. राज्याच्या कोर्टात फेरतपासणीचा रीतसर अर्ज चालू असेल तेवढे दिवस वजा. याने तो अर्ज एकाच खटल्यात केला आणि समजला, दोन्हींची मुदत थांबली. दुसऱ्याची संपूनही गेली.

तुम्ही म्हणाल, विलंब माफीचा अर्ज टाक. इथे ती माफी फार क्वचित मिळते, आणि 'मला कायदा कळला नाही' एवढ्यावर तर नाहीच.

आई, तू म्हणशील, केलंय तर भोगू दे. पण या अर्जात खटला पुन्हा चालत नाही. राज्यघटनेने दिलेले हक्क पाळले का, वकील नुसता नावाला उभा होता का, एवढंच बघतात. आणि हे दाखवायला कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही! मला हे आजवर पटलेलं नाही.

पहिल्या खटल्याचे दिवस काल रात्री कॅलेंडर घेऊन मोजले. पहिला दिवस सोडून, तुम्ही साताऱ्याच्या कोर्टात मोजायचात तसेच, तारखेवर पेनाचं टोपण टेकवत. तीनदा मोजले. एकवीस उरलेत. कैद्याने पाकीट तुरुंगातल्या माणसाच्या हाती दिलं, तीच दाखल झाल्याची तारीख धरतात, 1988 च्या निकालापासून. म्हणून त्याला सगळ्यात आधी तेवढंच कळवलं: ज्या दिवशी देशील ती तारीख लिही, खाली सही कर.

गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? आई "हो" म्हणेल, म्हणून तुम्हालाच विचारतेय.

तुमची,
मनू