आत्यांचे गोल काढल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

कॅन्सर घराण्यात चालत आलाय का, हे शोधायला तुम्ही आमची वंशावळ कागदावर मांडलीत. पुरुषांचे चौकोन काढून झाले, तरी तुम्ही पेन्सिल खाली ठेवली नाहीत. "आत्या किती? कोणत्या वयात गेल्या, कशानं?" असं विचारत एकेकीसाठी गोल काढलात. आपल्या वंशावळीत मुलींची नावंच नसतात. लग्न झालं की त्यांची दुखणीही सासरची. मग गर्भपिशवीच्या कॅन्सरनं पन्नाशीच्या आत गेलेली आत्या आणि आतड्याच्या कॅन्सरचा भाचा यांचा संबंध कोण लावणार? लिंच सिंड्रोममध्ये, म्हणजे आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषात, बाईला पुष्कळदा पहिला कॅन्सर गर्भाशयातच होतो. तो गोल आम्ही विसरू शकत नाही.

त्याआधी ज्या डॉक्टरांनी शौचातून रक्त पडतंय म्हटल्यावर हात न लावता मूळव्याधीचं मलम दिलं, घरच्या आजारांच्या रकान्यात फक्त आईवडील लिहून घेतले, त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. दोन मिनिटांचा प्रश्न होता हो!

धडधाकट पोरांचंच रक्त आधी तपासा, हा घरचा आग्रह तुम्ही शांतपणे थोपवलात. आधी आजारी माणसाच्या गाठीचा मेणातला ब्लॉक, त्यावर डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी. त्यातलं फक्त एमएलएच१ आणि त्याचा जोडीदार पीएमएस२ गायब असते, तर आधी मेथिलेशन, म्हणजे जनुकावर रासायनिक खूण बसून ते बंद झालंय का, हे पाहावं लागलं असतं, कारण उतारवयात एमएलएच१ आनुवंशिक दोष नसतानाही असं बंद पडू शकतं. इथे एमएसएच२ आणि एमएसएच६ गायब होती, म्हणून मग त्याच माणसाचं रक्त. जनुकातला बदल नेमका सापडल्यामुळे बाकीच्यांना तेवढ्या एका जागेची चाचणी पुरली. तो माहीत नसताना निरोगी माणसाचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट आला असता, तर त्यावर विसंबून कुणी निर्धास्त झालं असतं. ती भीती फार मोठी होती.

ज्यांच्यात बदल आहे त्यांना वयाच्या २०–२५ पासून दर १–२ वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी. इतरांचा १० वर्षांचा हिशेब इथे चालत नाही. पॉलिपचा, म्हणजे आतड्यातल्या छोट्या गाठीचा, कॅन्सर व्हायला इथे फार थोडा वेळ लागतो, हे तुम्ही तीनदा समजावलंत, तिन्ही वेळा तितक्याच मायेनं.

आणि आत्यांच्या लेकींसाठी मराठीत लिहून दिलेलं ते पत्र! त्यात आजारी माणसाचं नाव नव्हतं, बदलाचं नेमकं नाव मात्र होतं. ते घेऊन दोघी रक्त देऊन आल्या. एकीत बदल नाही. दुसरीची कोलोनोस्कोपी पुढच्या मंगळवारी आहे.

तुमचे ऋणी,
त्या कागदावरचे सगळे चौकोन आणि गोल