दोन न छापलेले अहवाल

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला फ्रँकफर्ट स्कूलवरचा, म्हणजे फ्रँकफर्टच्या समाजसंशोधन संस्थेभोवती जमलेल्या जर्मन विचारवंतांवरचा, लेख वाचला. अ‍ॅडॉर्नो, हॉर्कहायमर ही नावे मराठी वर्तमानपत्रात पानभर दिसली याचा आनंद आहेच. पण लेखाचा सगळा भर 1950 सालच्या ‘द ऑथोरिटेरियन पर्सनॅलिटी’ या ग्रंथावर आहे. हुकूमशहापुढे मान तुकवणारा, ज्यूंचा द्वेष करणारा माणूस या मंडळींनी उजव्यांच्या घोळक्यात शोधला, असा एकूण सूर. हे अर्धेच झाले. मी सर्वेक्षणाच्या कामात हयात घालवली. आधी स्वतः फॉर्म घेऊन जिने चढले, पुढे फॉर्म भरणाऱ्या मुलींवर देखरेख केली. त्यामुळे सिद्धान्ताआधी माझी नजर प्रश्नावलीवर जाते.

1929 साली याच संस्थेतले मनोविश्लेषक एरिक फ्रॉम आणि त्यांच्या सहकारी हिल्डे वाइस यांनी जर्मनीतल्या कामगार-कारकुनांत 271 प्रश्नांची प्रश्नावली वाटली. (आमच्याकडे चाळिसाव्या प्रश्नालाच दूध उतू जाते!) साधारण 3,300 फॉर्म गेले, 1,100च्या आसपास परत आले. उत्तरे देणारे बहुतेक समाजवादी नाहीतर कम्युनिस्ट, म्हणजे संस्थेचीच आपली माणसे. मत कोणाला देता, यावर माणूस पक्षाने पढवलेले बोलतो, हे फ्रॉम ओळखून होता. खरी मेख भलत्याच प्रश्नांत होती. मुलांना अजिबात न मारता वाढवता येईल का? बायकांनी केस कापलेले, पावडर लावलेली आवडते का? इतिहासातली कोणती माणसे थोर वाटतात? घरात भिंतीवर कोणती चित्रे आहेत? पर्यायांवर खुणा करायच्या नाहीत, उत्तर जसेच्या तसे उतरवायचे आणि शब्दांवरून माणूस वाचायचा. असल्या फॉर्मचे कोडिंग, म्हणजे मोकळ्या उत्तरांची वर्गवारी, किती जिवावर येते ते केलेल्यालाच माहीत. निघाले काय? मत लालबावट्याला आणि घरात पोराच्या पाठीवर छडी, असे पुष्कळ. डाव्यांपैकी मत आणि वृत्ती दोन्हींत पक्के असे जेमतेम 15 टक्के. हिटलर अजून सत्तेवर यायचा होता.

हा अभ्यास तेव्हा पुस्तकरूपाने आला नाही. संस्था देशोधडीला लागली, त्या धावपळीत फॉर्म गहाळ होऊन 584च उरले, पुढे फ्रॉमचे आणि हॉर्कहायमरचे फाटले. पुस्तक निघाले ते 1980 साली, फ्रॉम वारला त्याच वर्षी.

दुसरा अहवाल अमेरिकेतला. 1944-45मध्ये, हिटलरशी युद्ध चालू असताना, याच संस्थेने ज्यूइश लेबर कमिटी या ज्यू कामगारांच्या संघटनेसाठी अमेरिकन कामगारांमधला ज्यूद्वेष तपासला. पद्धत अशी की कामगारांनीच शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याशी गप्पा मारायच्या. प्रश्न पाठ करून जायचे, कागद-पेन्सिल दिसू द्यायची नाही, आठवेल तसे नंतर लिहून काढायचे. समोरच्याला न सांगता घेतलेली मुलाखत मी माझ्या मुलींना कधीच घेऊ दिली नसती. पण अशा 566 मुलाखती जमल्या आणि युनियनच्या सभासदांतही ज्यूद्वेष चांगलाच मुरलेला निघाला. तो जाडजूड अहवालही छापलाच गेला नाही.

आपल्याच माणसांत डोकावून केलेले दोन्ही अभ्यास बासनात राहिले आणि गाजला तो तिसरा, 1950चा ग्रंथ. त्यामुळे 1954 साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडवर्ड शिल्सने टीका केली की यांना डाव्यांमधली हुकूमशाही वृत्ती दिसतच नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ती दिसली होती, पण जगाला दाखवली कुठे होती?

1950च्या ग्रंथातल्या ‘एफ स्केल’बद्दलही, म्हणजे माणसाचा हुकूमशाहीकडे ओढा किती ते मोजणाऱ्या विधानांच्या यादीबद्दलही, लेखक फारच भाबडेपणाने लिहितात. त्यातली सगळी विधाने एकाच दिशेची. ‘होय’ म्हटले की गुण वाढणार. कंटाळलेला माणूस सगळ्यालाच ‘हो’ म्हणतो. त्यालाही ही फूटपट्टी फॅसिस्टधार्जिणा ठरवणार. त्यातले एक विधान असे की आज्ञापालन आणि अधिकारी माणसांचा मान हे मुलांनी शिकायचे सर्वांत मोठे गुण. डोंबिवलीत विचारून पाहा, बिल्डिंगच्या बिल्डिंग बाद होईल. हा दोष अमेरिकेतल्या संशोधकांनीच पन्नाशीच्या दशकात दाखवला होता.

ज्यूद्वेषाबद्दल हॉर्कहायमर-अ‍ॅडॉर्नो यांनी ‘डायलेक्टिक ऑफ एन्लाइटनमेंट’ या पुस्तकात जे लिहिले ते मात्र लेखात यायलाच हवे होते. ज्यूद्वेषाला शेजारी ज्यू लागतोच असे नाही. माणूस विचारांचे एक आयते पॅकेज उचलतो आणि त्यात हा द्वेषही येतो. माझे आजोळ अलिबागकडचे. तिथे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आपले ‘शनिवार तेली’, पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि त्यांच्याविरुद्ध असा द्वेष कधी पेटला नाही. इकडे आमच्या स्टेशनबाहेर स्पर्धा परीक्षांच्या गाइडांशेजारी हिटलरचे आत्मचरित्र मराठीत खपते. घेणाऱ्या एका मुलाला मी विचारलेच. म्हणाला, “काकू, माणूस कडक होता, एकहाती देश चालवला.” ज्यूंचे काय, म्हटल्यावर तो जरा गोंधळला. ते त्याच्या डोक्यातच नव्हते. फ्रॉमचा ‘थोर माणसे कोणती’ हा प्रश्न अशाच उत्तरासाठी होता.

ता. क. : संस्था 1933 साली थेट न्यूयॉर्कला गेली असे लेखात आहे. आधी जिनिव्हा, कोलंबिया विद्यापीठात ती 1934मध्ये गेली.

– एक निवृत्त सर्वेक्षण पर्यवेक्षक, डोंबिवली (पूर्व)